घाटंजीच्या बसस्थानकावर दिलेला ओटीपी

माझी मुलगी यंदा यवतमाळला संगणकशास्त्राच्या पदवीसाठी दाखल झाली. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा, होऊन पहिल्या वेचणीच्या कापसाचा चुकारा हाती आला की तिला लॅपटॉप घ्यायचा, असे घरात ठरले होते. आमच्या तालुक्याच्या गावी, घाटंजीला, एका दुकानदाराने इंटेल कंपनीचा बाराव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर (लॅपटॉपचा मेंदू) आणि ८ जीबी रॅम असलेला नवा लॅपटॉप पक्क्या बिलासह ३७,५०० रुपयांना सांगितला. त्याच आठवड्यात मोबाइलवर आय-७, १६ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडी (माहितीची साठवण) असलेला ‘कोरा’ लॅपटॉप २६,९९० रुपयांना दिसला. तीनपेक्षा सात वरचढ आणि वर साडेदहा हजारांची बचत, एवढाच हिशेब करून मी सगळे पैसे आधीच भरले.

आमच्या गावात कुरिअर येत नाही. पार्सल आल्याचा फोन येतो आणि आपणच घाटंजीच्या बसस्थानकावर जाऊन ते घ्यायचे असते. डबा हातात देण्यापूर्वी कुरिअरच्या मुलाने ओटीपी मागितला. उघडून पाहू का, असे विचारले, तर तो म्हणाला, “काकाजी, अजून लय पार्सल वाटाचे आहेत, घरी जाऊन पाहा.” तो रोजंदारीवर धावणारा पोरगा, त्याला मी दोष देत नाही. पण ओटीपी देणे म्हणजे माल मिळाल्याची सही करणे आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

नवव्या दिवशी मुलगी सुटीला घरी आली आणि बॅटरी चाळीस मिनिटेही टिकत नाही, असे तिने सांगितले. ज्यांच्याकडून घेतला नाही त्याच दुकानदाराकडे संकोचत गेलो. त्यांनी एक पैसा न घेता सेटिंगमधील प्रोसेसरचे पूर्ण नाव दाखवले: आय-७-३५२०एम. इंटेलच्या दुसऱ्या ते नवव्या पिढीच्या अशा चार आकडी क्रमांकात पहिला आकडा पिढी सांगतो. म्हणजे हा तिसऱ्या पिढीचा, २०१२ साली बाजारात आलेला प्रोसेसर. तेव्हा माझी मुलगी अंगणवाडीत जात होती. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो, आणि माझ्या यंत्रात ती तपासणी चुकवून विंडोज बसवलेले होते. जाहिरातीत नुसते ‘आय-७’ लिहून पिढी लिहिलेली नसेल, तर तो माल घेऊ नये, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

विक्रेत्याने सात दिवसांची मुदत संपल्याचे कारण देऊन परतावा नाकारला. बिल नीट पाहिले तेव्हा त्यावर बारीक अक्षरांत ‘रिन्यूड’, म्हणजे वापरलेला माल ठीकठाक करून पुन्हा विकायला काढलेला, असा शब्द होता आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या संकेतांकाने होती. आपल्या महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे. एवढ्या दूरच्या विक्रेत्याच्या दारात मी कसा उभा राहणार होतो? तालुक्याच्या दुकानांतही कच्च्या चिठ्ठीवर माल देणारे आणि चोरटे विंडोज टाकून देणारे आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु जो दुकानदार यंत्र समोर सुरू करून दाखवतो आणि पक्के बिल देतो, त्याला आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊन जाब तरी विचारता येतो.

मुदतीचे कारण ऐकून गप्प बसायचे नसते, हेही मला उशिरा समजले. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन महिनाभरात तिचे निवारण करायचे असते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा विक्रेता ४,००० रुपये देऊन प्रकरण मिटवायला तयार झाला. मी ते घेतले नाहीत. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही, म्हणून यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. तिच्यासोबत बिल, पैसे भरल्याचा संदेश आणि प्रोसेसरचे नाव दाखवणारा फोटो जोडला आहे. ‘कोरा लॅपटॉप’ असे लिहिलेले जाहिरातीचे पान मात्र जोडता आले नाही. ते आता संकेतस्थळावरून काढून टाकले आहे, आणि पैसे भरताना त्याचा स्क्रीनशॉट मी घेतला नव्हता.