‘लव्हलेस’ : काही महिने सतत ऐकल्यानंतर

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या रॉक बँडची ‘लव्हलेस’ ही एलपी पहिल्यांदा लावली की बऱ्याच जणांना टर्नटेबलच बिघडल्यासारखा वाटतो. सूर डुलतो, घसरतो, परत वर येतो. दुकानदाराशी भांडण्याआधी एवढं बघा: ३३⅓ च्या वेगाला तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा. हेलकावा नेमका तेवढ्या अंतराने येत असेल तर तबकडी वाकलीय किंवा भोक मध्यावर नाही. गिटार छेडण्याच्या (स्ट्रमिंगच्या) लयीबरोबर येत असेल तर तो बँडचा गिटारवादक केव्हिन शील्ड्सचा हात. ट्रेमोलोचा, म्हणजे तारांचा ताण कमीजास्त करणारा गिटारवरचा दांडा मुठीत धरूनच तो तारा छेडतो, त्यामुळे अख्ख्या कॉर्डचा सूर वाकतो. त्यावर उलटा रिव्हर्ब, म्हणजे उलटा फिरवलेला घुमारा. शेकडो गिटारींचा थर वगैरे काही नाही. ट्रॅक वाटतात त्यापेक्षा बरेच कमी आहेत, हे त्यानेच सांगितलंय.

ड्रम मात्र बहुतेक गाण्यांत सॅम्पलचे, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांचे तुकडे जोडून केलेले, कारण ड्रमर कोल्म ओ किसोग तेव्हा आजारी होता. माझ्या मते इथेच खरी गंमत आहे. ताल सरळ चालतो, म्हणून वरची गिटार इतकी डुलली तरी गाणं कोसळत नाही. नुसता गोंगाट करणारे बँड पुढे पुष्कळ आले, त्यांच्याकडे हा तोल नव्हता. ४ नोव्हेंबर १९९१ ला आलेला अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला होता, आणि आज नव्वदच्या दशकातल्या उत्तम अल्बमांची कुठलीही यादी त्याच्याशिवाय होत नाही. अडीच लाख पौंड खर्चाची दंतकथा (शील्ड्सला तो आकडा मान्य नाही) लोक चवीने सांगतात. पण तिच्यासाठी कोणी अख्खा ४८ मिनिटांचा अल्बम ऐकत बसत नाही.

आता ऐकण्याचं. साध्या ब्लूटूथवर हा अल्बम मार खातो: दाट आवाज दाबला की झांजा आणि गिटार यांचा एकच चिखल होतो. वायरचे हेडफोन लावा. जुन्या सीडीचा आवाज आजच्या मानाने हळू आहे, तेव्हा व्हॉल्यूम वाढवा. इक्वलायझर बंद. गायिका बिलिंडा बुचरचे शब्द कळावेत म्हणून ट्रेबल वाढवाल तर फक्त कान दुखतील. तिचा आवाज मुद्दामच मागे ठेवलाय. प्लेअरमधला क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय) शून्यावर हवा, नाहीतर गाण्यांमधले छोटे जोडतुकडे कापले जातात.

कोणती प्रत घ्यावी? २०१२ च्या दोन सीडींच्या संचात एक ॲनालॉग टेपवरून, दुसरी डॅट या डिजिटल टेपवरून केलेली. पण छापताना लेबलांची अदलाबदल झाली, आणि एकीवर ‘व्हॉट यू वॉन्ट’मध्ये मध्येच डिजिटल खट्ट ऐकू येतं. हा संच वापरलेला घेत असाल तर ते गाणं आधी वाजवून बघा. एलपीत ‘सून’ हे सात मिनिटांचं गाणं दुसऱ्या बाजूच्या अगदी आतल्या खाचांत येतं, स्वस्त सुईवर तिथे खरखर होणारच. सुई बदलायची नसेल तर सीडीच घ्या.