बी. फार्म.: मजा कुठे येते, दम कुठे निघतो

मुंबईत बी. फार्म., म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदवी, घेणाऱ्यांनी आधी वेळेचं गणित मांडावं. 4 वर्षं, 8 सेमिस्टर आणि 80 टक्के हजेरी. विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्याचा उरलेला वेळ लोकलच खाते. जर्नलं गाडीत लिहायचा विचार सोडा, बसायलाच मिळत नाही.

पहिलं सेमिस्टर बेचव. बारावीला बायोलॉजी नसेल तर रेमेडियल (राहिलेला विषय भरून काढणारी) बायोलॉजी, गणित नसेल तर रेमेडियल मॅथ्स.

खरी गंमत फार्मास्युटिक्सच्या, म्हणजे औषधं प्रत्यक्ष बनवण्याच्या, लॅबमध्ये. इमल्शनला (तेल-पाण्याच्या एकजीव मिश्रणाला) तेल, पाणी, डिंक 4:2:1. खल कोरडाच हवा. तेलात डिंक नीट मिसळला की पाणी एकदम ओतायचं आणि बत्ता एकाच दिशेने भराभर फिरवायचा. चटचट आवाज आला, मिश्रण पांढरंशुभ्र झालं की जमलं. पाणी थेंबथेंब घातलं की तेल वेगळं होतं, मग पहिल्यापासून. गोळ्यांचंही तसंच: ग्रॅन्युल्स (औषधाचे दाणे) ओले राहिले तर गोळी दाबणाऱ्या पंचला चिकटतात, फार सुकले तर गोळीची टोपी उडते, म्हणजे वरचा थर सुटतो.

फार्माकॉलॉजी (औषध शरीरात काय करतं याचं शास्त्र) समजून वाचली तर रंगते, नुसती पाठ केली तर छळते. केमिस्ट्रीत रिअ‍ॅक्शन रोज लिहून काढण्याला पर्याय नाही.

सातव्या सेमिस्टरआधीचं 150 तासांचं ट्रेनिंग कुठे करता, हे मात्र महत्त्वाचं. नुसत्या सहीशिक्क्यापुरतं उरकलं तर कारखान्यातलं काम दिसतच नाही. फक्त मेडिकल दुकान टाकायचं असेल तर 2 वर्षांचं डी. फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) आणि त्यानंतरची एक्झिट परीक्षा पुरते.