सीपीएल की एमपीएल?
एअरलाइनच्या कॉकपिटकडे जाणाऱ्या या दोन वाटा. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी (सीपीएल) आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची किमान अट 200 उड्डाणतासांची, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात 150. 2006 मध्ये आलेल्या मल्टी-क्रू पायलट लायसन्सला (एमपीएल) 240 तास लागतात, पण त्यातले बरेचसे सिम्युलेटरवर. तिथे सुरुवातीपासूनच जोडीने काम करायला शिकवतात: इंजिन बंद पडलं की एकाने विमान सांभाळायचं, दुसऱ्याने चेकलिस्ट घ्यायची. एअरलाइनला नेमकं हेच हवं असतं आणि सीपीएलवाल्याला ते नंतर वेगळं शिकावं लागतं.

तरीही मी सीपीएलच सुचवेन. एमपीएल सहसा एकाच एअरलाइनच्या गरजेवर बेतलेलं असतं. तिने भरती थांबवली की उमेदवार अडकतो. सीपीएलवर निदान छोटी विमानं उडवता येतात, पुढे इन्स्ट्रक्टरही होता येतं.