३८,५०० रुपयांचा ‘प्रीमियम’ आरओ आणि ग्लासातला तपकिरी गाळ

‘पाण्याची मोफत तपासणी’ म्हणत कोणी दारात आलं तर आत घेऊ नका. गळ्यात ओळखपत्र असलं तरी नाही, वॉचमनने वर सोडलं असलं तरी नाही. या लोकांनी आमच्याकडून ३८,५०० रुपये नेले, वर कर्जाची प्रोसेसिंग फी ५९० रुपये, आणि पाणी शुद्ध करायचं आमचं चांगलं चालणारं जुनं यंत्रही नेलं. नव्या आरओची, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणाऱ्या यंत्राची, किंमत ४२,००० सांगितली, जुन्याचे ३,५०० वजा केले. ५,००० रुपये तिथल्या तिथे यूपीआयने घेतले आणि उरलेल्या ३३,५०० चं कर्ज करून दिलं: दहा हप्ते, दरमहा ३,३५०. ते हप्ते अजून कापले जातायत.

मी दिसेल ते घेत सुटणारी बाई नाही. आमच्याकडे वस्तू एकदाच घ्यायची आणि चांगली घ्यायची अशी पद्धत आहे. आईचा मिक्सर वीस वर्षांच्या वर चालला, मध्ये कार्बन आणि जारचं बुश बदललं तेवढंच. स्वस्तात घेतलेला गिझर मात्र टाकी गळून भंगारात गेला. त्यामुळे जास्त पैसे मोजायला मी कधी कुरकुर केली नाही, आणि तसं करणं मूर्खपणाचं आहे असं मला आजही वाटत नाही. माझी हीच समजूत विकायला आलेल्या मुलाने पहिल्या पाच मिनिटांत ओळखली. ‘काकू, आठ हजारांचंही मशीन मिळतं, पण ते मी माझ्या आईला देणार नाही,’ हे त्याचं वाक्य.

मग ते नेहमीचं प्रात्यक्षिक. तीन ग्लास: एकात नळाचं पाणी, एकात आमच्या जुन्या यूव्ही यंत्राचं, एकात त्याने बाटलीतून आणलेलं आरओचं. प्रत्येकात दोन-दोन रॉड बुडवले आणि प्लग लावला. नळाचं पाणी आधी हिरवट झालं, मग तपकिरी, आणि वर गाळाचा फेस आला. जुन्या यंत्राचं पाणीही तसंच झालं. त्याचं पाणी स्वच्छ राहिलं. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालेलं, आणि हे मीच बोलता बोलता सांगून बसले होते. त्याने तो ग्लास त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाला, ‘आजी, हेच तुमच्या किडनीत साठलं.’ त्या रडायला लागल्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला असं कोणी रडवलं की समोरची बाई हिशेब करत बसत नाही. हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

ज्या क्षणाने माझी झोप उडवली तो आता सांगते. रॉड बाहेर काढल्यावर त्याने ते फडक्याने घासून पुसले. फडक्यावर गंजाचा डाग उमटला. रॉडची टोकं झिजलेली, खरबरीत दिसत होती. मी विचारलंसुद्धा, ‘हे असे का झिजलेत?’ तो म्हणाला, ‘तुमच्या पाण्यातल्या केमिकलने.’ आणि मी गप्प बसले. बारावीला रसायनशास्त्र होतं मला, विद्युत अपघटन शिकलेली आहे मी! लोखंडाचा रॉड आहे, त्यातून वीज जातेय, लोखंड विरघळतंय आणि तेच गंज होऊन पाण्यात उतरतंय. गाळ पाण्यातला नव्हता, रॉडचा होता. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी असतात, म्हणून वीज जवळजवळ वाहत नाही आणि रंग येत नाही. आमचं जुनं यंत्र यूव्हीचं, ते जंतू मारतं, क्षार काढत नाही. त्याचं पाणी तपकिरी होणारच होतं. त्यात बिघाड काहीच नव्हता. तरी मी ते साडेतीन हजारांत स्वतःच्या हाताने उचलून दिलं.

दुसरी खूण तर त्याच्याच हातात होती. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायच्या मीटरवर आमच्या नळाचा आकडा आला ८४. ‘बघा, ८४ पार्ट अशुद्धी,’ म्हणाला. भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पिण्याच्या पाण्याला ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत टीडीएस चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, कारण घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी गटारात सोडतो. आम्ही पुण्यात महापालिकेचं, धरणाचं पाणी पितो. ते मुळातच कमी क्षाराचं आहे. आम्हाला आरओ लागतच नव्हता, चाळीस हजारांचा सोडाच, फुकट मिळाला तरी. आणि टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो. हे लक्षात ठेवा.

ज्यांच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं त्यांची गोष्ट वेगळी. चंद्रपूर, यवतमाळकडे भूजलात फ्लोराइड आहे, तिथे चांगला आरओ घेणं योग्यच. पण आधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. विकणाऱ्याकडून तपासून घेऊ नका.

काही महिन्यांनी यंत्र गळायला लागलं. कार्डावरचा सर्व्हिसचा नंबर बंद. शेवटी गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने झाकण उघडलं आणि एकेक भाग दाखवला: ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलनचा) मेम्ब्रेन, म्हणजे क्षार गाळणारा पडदा, २४ व्होल्टचा पंप, स्पन फिल्टर, कार्बन. असेंबल केलेल्या सात-आठ हजारांच्या यंत्रात असतात तेच. ‘यूव्ही’ म्हणून जो निळा प्रकाश दिसायचा तो साधा एलईडी. आत यूव्हीचा दिवाच नव्हता! ‘कॉपर’ आणि ‘अल्कलाइन’ची नुसती स्टिकर. म्हणजे आम्ही कॅबिनेटच्या काळ्या चकचकीत प्लॅस्टिकला तीस हजार जास्त दिले. मग भाच्याने तसेच रॉड आणले आणि या नव्या यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्लग लावला. तोच तपकिरी गाळ. कोणाला अजून शंका असेल तर घरी हाच प्रयोग करायला लावा, विकणाऱ्यासमोर. तो मीठ टाकू देणार नाही.

यानंतरचा मनस्ताप पैशांपेक्षा मोठा आहे. चौकीत गेलो तर ‘मशीन दिलंय ना त्यांनी? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे.’ साधा तक्रार अर्ज घ्यायलाही तासभर बसवलं, आणि पोच मागितली तर ‘इथे पोच देत नाही’. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती त्यांनी कंपनीला ‘पाठवली’. कंपनीचा पत्ता म्हणजे एक बंद गाळा. काही दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली. कोणाच्या दृष्टीने निकाली? कर्ज देणारे म्हणतात, ‘मॅडम, आमचा संबंध फक्त कर्जाशी, वस्तूबद्दल डीलरशी बोला.’ मग डीलरला तुम्ही नेमताना काय पाहिलंत? हप्ता थांबवला तर सिबिल बिघडेल अशी धमकी मात्र लगेच. खोक्यावर एमआरपी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. पॅकबंद वस्तूवर दोन्ही असणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. हे घेऊन एका कार्यालयात गेले तर साहेब ‘व्हिजिटला’. पुन्हा गेले, तरी व्हिजिटलाच. कर भरणाऱ्या माणसाने दाद मागायची कुठे? प्रत्येक टेबलावर माझ्याकडे बघायची नजर एकच: शिकलेल्या बाई, तुम्हाला कळलं नाही? चोराला कोणी काही विचारत नाही, आणि प्रश्न सगळे मला.

बिलाचंही सांगते. मला मिळालं ते बिल नव्हतं, ‘ऑर्डर फॉर्म’ होता, त्यावर जीएसटी क्रमांक नाही. पाच हजारांचं यूपीआय गेलं ते एका माणसाच्या नावावर, कंपनीच्या नाही. ही दोन्ही दिसली की व्यवहार तिथेच थांबवा. वॉरंटीत पंप, मेम्ब्रेन, अडॅप्टर स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर सगळं ‘कन्झ्युमेबल’ म्हणून वगळतात. कोणताही नग महाग असेल तर विचारा, जास्तीचे पैसे कुठल्या भागाचे? मिक्सर असेल तर मोटरची वायंडिंग तांब्याची आहे का, गिझर असेल तर टाकीला आतून कोटिंग कसलं आहे. उत्तर कागदावर मागा. आणि ओटीपी सांगू नका, तो ‘व्हेरिफिकेशन’चा नसतो, कर्ज मंजुरीचा असतो.

आता मी जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. सारख्याच फसवणुकीतले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. काळं कॅबिनेट, निळा दिवा आणि ‘ऑर्डर फॉर्म’ तुमच्याकडेही असेल तर खोकं टाकू नका, यूपीआयची पावती आणि कर्जाचा मेसेज जपून ठेवा, आणि मला कळवा. आमच्या मागच्या सोसायटीतल्या दोन घरांनी कागद आणून दिलेत.