मोबाईलची भिंगजोडी: चिमुकल्या पालीचे खवले दिसतात का?

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बसवायच्या भिंगांच्या या डबीत मोजून चारच गोष्टी आहेत: दोन भिंगं, एक क्लिप, एक छोटा रिंगलाइट आणि पुसायचं फडकं. एका भिंगावर ‘15एक्स’ म्हणजे पंधरापट असं छापलंय, दुसऱ्यावर ‘100 मिमी’. कोल्हापुरात मोबाईलचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात दाखवायला 15एक्सवालंच पुढं येतं. नोटेवरची बारीक अक्षरं त्यातून लई भारी दिसतात हे खरं. पण दाजीपूर अभयारण्याच्या वाटेवर पाल बघायला ते बिनकामाचं आहे.

कारण साधं आहे. 15एक्सच्या भिंगातून नीट दिसण्यासाठी फोन वस्तूपासून जेमतेम 17 मिमीवर आणावा लागतो. क्नेमास्पिस म्हणजे दिवसा वावरणारी, बोटभर लांबीची पाल. एवढ्या जवळ काहीही आलं की ती पाचोळ्यात शिरते. समजा थांबली, तरी फोनची सावली तिच्यावरच पडते आणि पुढं-मागं अर्धा मिमीसुद्धा नीट फोकस होत नाही. डोळा धारदार, पाठ धूसर.

100 मिमीचं भिंग मात्र पैसे वसूल करतं. दहा सेंमीवरून काम होतं आणि फोकसमध्ये साधारण पाच-सहा मिमी खोली मिळते, म्हणजे पालीचं अख्खं अंग बसतं. तोटा एवढाच की मुख्य कॅमेऱ्यातून चौकट सुमारे 13-14 सेंमी रुंद येते. फोटो 4000 पिक्सेल रुंद असेल तर दर मिमीला तीसच पिक्सेल, आणि पाव मिमीचा खवला सात-आठ पिक्सेलांत संपतो. फोनला वेगळी 2एक्स लेन्स असेल तर भिंग त्या लेन्सवर सरकवा. पिक्सेल जवळपास दुप्पट होतात आणि खवले मोजता येतात.

ओळखीसाठी बघायचं काय? पहिली खूण बुबुळाची. दिवसा घरपालीची बाहुली उभी फट असते, क्नेमास्पिसची गोल. घरपालीच्या बोटांखाली रुंद गाद्या असतात, हिची बोटं बारीक, वाकलेली आणि टोकाला नखं. एवढं या भिंगातून सहज दिसतं, पण यावरून फक्त वंश कळतो, नेमकी जात नाही. उत्तर सह्याद्रीत या वंशात नव्या जातींची भर पडतेच आहे. 2009 साली कोल्हापूरच्याच नावाची क्नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस आली, 2016 साली आंबोलीची फ्लॅविव्हेन्ट्रॅलिस, 2018 साली एकाच लेखात चार. दिसायला सगळ्या करड्या-तपकिरी, ठिपक्यांच्या. त्यामुळे खरा फरक बारीक जागी शोधावा लागतो: अंगाच्या दोन्ही कुशींवर काट्यासारखे उंचवटे आहेत का, पाठीवरचे खवले एकसारखे की मधेमधे मोठे दाणे, शेपटीखालची खवल्यांची मधली ओळ रुंद आहे का, आणि नराच्या पोटाखालची छिद्रं. कोल्हापुरेन्सिसच्या नरात ही छिद्रं एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत सलग रांगेत असतात, काही जातींत ती फक्त मांड्यांवर असतात. मादीला आणि पिल्लाला ती ठळक नसतात, तेव्हा ‘फोटोत छिद्रं नाहीत’ यावरून जात ठरवू नका.

पोट दिसावं म्हणून पाल पकडायची नाही. अभयारण्यात तर परवानगीशिवाय हातच लावायचा नाही. सराव करायचा असेल तर स्वयंपाकघराच्या काचेवर रात्री बसलेली घरपाल आहेच, काचेच्या आतून तिचं पोट फुकटात दिसतं.

रिंगलाइट हा या डबीतला सगळ्यात वाईट भाग. ओल्या खवल्यावर त्याची चमक पांढऱ्या ठिपक्यासारखी उमटते आणि नंतर फोटोत तो ठिपका पांढरा उंचवटाच वाटतो. बटर पेपरचे दोन थर चिकटवले की चमक मोडते. प्रकाश निळसर आहे, त्यामुळे पोटाचा पिवळा रंग फिका पडतो. एक फोटो तरी लाइट बंद करून, सावलीतल्या उजेडात घ्या. शेजारी मिमीचा आलेख कागद पालीच्याच पातळीत ठेवा. लांबी तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतच धरतात, कारण शेपटी तुटून पुन्हा उगवते आणि उगवलेल्या शेपटीवरची खवल्यांची रचना मूळची नसते.

क्लिपचं रबर चांगलं आहे, पण जाड कव्हरवर ती तिरकी बसते. मग फोटोची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट येते, आणि दोष भिंगाचा वाटतो. कव्हर काढा. जवळ गेल्यावर काही फोन आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात, तेव्हा सेटिंगमधला आपोआप मॅक्रो (जवळच्या फोटोसाठी कॅमेरा बदलण्याची सोय) आधी बंद करा, नाहीतर स्क्रीनवर नुसती काळी कड दिसते. राधानगरीकडच्या पावसात काच आतून धुरकट होते. डबीत सिलिका जेलची पुडी टाका, आणि परत आल्यावर भिंगं लगेच बंद करून न ठेवता रात्रभर पंख्याखाली उघडी राहू द्या.

घेताना दुकानातच मिमीचा कागद 10 सेंमीवर धरून फोटो काढा. चौकटीच्या कडेच्या रेघा मधल्या रेघांइतक्या सरळ आणि काळ्या दिसल्या नाहीत, तर दुसरा नग मागा.