विंडोज ११ जुन्या असेंबल पीसीवर: दिवाळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) वापरून (आणि एका सेलचा ताप)

मशीन आधी सांगून टाकतो. आय फाइव्ह ४५७० प्रोसेसर, बिननावाचा चायना एच ८१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर थ्री, २५६ ची साटा एसएसडी. जळगावला असेंबल करून घेतलेलं, घर यावल तालुक्यात, काम म्हणजे केळीच्या गाड्यांच्या पावत्या, बँक, पीक विम्याचे फॉर्म आणि पोरांचं यूट्यूब. चौथी जनरेशन म्हणजे २०१३ चा माल. विंडोज ११ ला एक-दोन अपवाद सोडले तर इंटेलचं आठव्या जनरेशनच्या खालचं काही चालत नाही, वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, आणि आमच्या बोर्डावर टीपीएम लावायला पिनासुद्धा नाहीत. तरी टाकलं, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि चालत्या मशीनला भंगारात घालून नवीन घ्यायला माझ्याकडे पैसे वर आलेले नाहीत.

टाकणं अवघड नाही हो, उगाच बाऊ करतात लोक. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह बनवताना तो स्वतःच विचारतो की टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमची अट काढू का, तिथे टिक करायची, बस. ज्यांनी साधा पेनड्राइव्ह बनवलाय त्यांनी "या पीसीवर चालणार नाही" वाला स्क्रीन आला की शिफ्ट एफ १० दाबायचं, रेजएडिट उघडायचं, एचकेएलएम मध्ये सिस्टम, त्यात सेटअप, तिथे लॅबकॉन्फिग नावाची की बनवून बायपासटीपीएमचेक आणि बायपाससिक्युअरबूटचेक ला १ द्यायचा, मागे जाऊन परत पुढे. मला खरा वेळ लागला तो पेनड्राइव्ह दिसण्यात, पुढच्या निळ्या पोर्टला दिसायचाच नाही, मागच्या काळ्या २.० पोर्टला लावला आणि लगेच दिसला. नंतर इंटरनेट मागतो तेव्हा वायफाय डोंगलचा ड्रायव्हर नव्हता, तर मोबाइल केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू केलं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. डिस्क जीपीटी (भाग पाडायची नवी पद्धत) ठेवा आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) बूट मोड यूईएफआय करा, जुन्या लेगसी मोडमध्ये जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं रामायण हिच्यामुळेच आहे.

हिवाळाभर एक नंबर चाललं. दर महिन्याचे अपडेट येतात, जरी कंपनी म्हणते की अशा मशीनला अपडेटची हमी नाही. प्रिंटर चालला, मराठी टायपिंग चाललं.

मग उन्हाळा लागला, लाइट जायला लागली (दीपनगरचं वीज केंद्र आमच्या उशाला आहे, हे आपलं सांगायचं म्हणून सांगतो), आणि एक दिवस सकाळी काळ्या स्क्रीनवर "रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस". डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो तर तारीख ०१/०१/२०१४ आणि बूट मोड परत लेगसी. यूईएफआय केलं, एफ १० दाबलं, विंडोज आली. दुसऱ्या दिवशी परत तेच. म्हाताऱ्या माणसाला रोज सकाळी घरचा पत्ता सांगावा तसं बायोसला रोज सांगायचं, बाबा तुझी डिस्क जीपीटी आहे. आणि तारीख चुकली की बँकेची साइट उघडत नाही, ब्राउझर म्हणतो तुमचं घड्याळ मागे आहे. सगळ्यात भारी म्हणजे पावतीच्या एक्सेलमध्ये मी तारखेला टुडे फॉर्म्युला टाकलेला, शालकाने घाईत बायोस नीट केला पण तारीख नाही टाकली आणि नवती केळीच्या गाडीची पावती २०१४ ची निघून गेली. दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन, "भैया, ये बारा साल पुराना केला भेजा क्या?"

लाइट नसताना बायोसची तारीख आणि सेटिंग बोर्डावरचा छोटा गोल सेल सांभाळतो, तेव्हा सेल गेला हे शाळकरी पोरगंही सांगेल. मशीनमध्ये धूळही फार झालेली म्हणून दुकानातच नेलं, साफसफाई आणि नवीन सेल मिळून २५० रुपये घेतले, "आता चाली जाई ना भो." घरी आणलं, दोन दिवस बरं, लाइट गेली की परत २०१४. परत नेलं तर म्हणे बोर्ड गेला, आणि वर हे की तुम्ही जबरदस्तीने अकरा टाकलं म्हणून बायोस खराब झाला, नवीन बोर्ड साडेतीन हजार, विंडोज १० परत टाकायचे वेगळे. इथे माझं डोकं फिरलं. मी तिथेच एसएसडीची केबल काढायला लावली, मशीनला तारीख दिली, प्लग काढला, थोड्या वेळाने लावला. २०१४. आता डिस्कच नाही तर विंडोज कुठून आली बायोस खराब करायला? तर म्हणे "तसं नाही साहेब." मग कसं ते काही सांगेना.

वरचं सगळं मार्चमध्ये लिहून ठेवलेलं, शेवटी एक वाक्य होतं की चायना बोर्ड कोणी घेऊ नका. ते वाक्य मी आता काढलंय. झालं असं की आखाजीला मोठा भाचा आला, तो आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, मल्टिमीटर खिशात घेऊन फिरतो. त्याने सेल बाहेर काढून मोजला, ३ व्होल्ट, एकदम कडक. सेल चांगला, मग बोर्डच गेला असं मीच म्हणालो. त्याने सेल परत खाचेत ठेवला आणि बोटाने हलवला तर तो खुळखुळ वाजला. उजेडात धरून वाचलं, सीआर २०२५. बोर्डाला लागतो २०३२. दोन्ही २० मिलिमीटर रुंद, दोन्ही ३ व्होल्टचे, पण २०३२ ची जाडी ३.२ मिलिमीटर आणि २०२५ ची २.५. म्हणजे खाली पत्तीला टेकतच नव्हता धड, कधी लागला तर लागला. २०३२ आणून बसवला, टक आवाज आला, त्यानंतर लाइट कितीदा गेली पण तारीख जागेवर.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, नाहीतर तुम्हीही फसाल. पीसी नुसता शटडाउन केला आणि भिंतीवरचं बटण चालू ठेवलं तर एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) थोडा स्टँडबाय करंट येत राहतो, बायोसला सेलची गरजच पडत नाही. म्हणून दुकानात टेबलावर सगळं ठीक दिसतं. आमच्याकडे मायला रात्री सगळी बटणं बंद करायची सवय, वर लोडशेडिंग, म्हणून सेलवर पाळी येते. दुकानदाराला टेस्ट करून मागाल तर प्लग काढून टेस्ट करून मागा.

विंडोजचं बाकीचं पटकन. मोठं वार्षिक अपडेट अशा मशीनला आपोआप येत नाही, २५एच२ (२०२५ चं अपडेट) साठी विंडोजची आयएसओ फाइल उतरवून कमांडने सेटअप स्लॅश प्रॉडक्ट सर्व्हर असं चालवावं लागलं. स्क्रीनवर विंडोज सर्व्हर टाकतोय असं दिसतं, घाबरू नका, टाकतो आपलंच, फाइली जागेवर राहतात. स्लीपमधून उठताना कधीकधी डिस्प्ले येत नाही, मी स्लीप बंदच केलंय. एप्रिलच्या दुपारी पंखा ओरडतो, पण तो १० वरही ओरडायचा. गावात एकाने कोअर टू ड्युओवर टाकून मागितलं, त्याला नाही सांगितलं, २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची सोय (इन्स्ट्रक्शन) पाहिजे, ती नसेल तर बूटच होत नाही, तिथे रुफसही काही करू शकत नाही. त्याला लिनक्स मिंट टाकून दिलं, खुश आहे.

दुकानदाराला फोन केला होता. म्हणे "दोन्ही सेल सारखेच असतात, २०३२ संपले होते." २५० परत मागितले तर फोन कट. सेल पाच नगांच्या पाकिटातच स्वस्त पडला म्हणून चार उरलेत, यावल-फैजपूर साइडला कोणाला लागला तर येऊन घेऊन जा, पैसे नको. फक्त येण्याआधी तुमच्या जुन्या सेलवर काय छापलंय ते वाचून या.