न्हावा-शेवा ते मच्छे: तीन अवजड यंत्रे आणि सात महिन्यांचा अनुभव

बेळगावच्या मच्छे औद्योगिक वसाहतीत आमचे मशीन शॉप आहे. उद्यमबाग आणि आसपासच्या फाउंड्र्यांतून येणाऱ्या मोठ्या कास्टिंगचे मशीनिंग हे आमचे रोजचे काम. गेल्या नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत आम्ही परदेशातून वापरलेली तीन यंत्रे आणली आणि न्हावा-शेवा बंदरापासून कारखान्याच्या दारापर्यंतची वाहतूक तिन्ही वेळा एकाच ट्रेलर कंपनीकडे सोपवली. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्यांपैकी एकीचा हिशेब अजून मिटलेला नाही.

पहिले यंत्र म्हणजे फ्लोअर टाइप बोरिंग मशीनचा कॉलम, म्हणजे उभा खांब, वजन २८ टन. दुसरी हायड्रॉलिक प्रेसची एकसंध फ्रेम, ६२ टन. तिसरी व्हर्टिकल टर्निंग लेथ, ३४ टन. तिच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, कारण तोवर कंपनीही शहाणी झाली होती आणि आम्हीही. पहिले आणि तिसरे यंत्र फ्लॅट रॅकवर, म्हणजे छप्पर आणि बाजूच्या भिंती नसलेल्या कंटेनरवर, आले. फ्रेम मात्र जहाजात काही फ्लॅट रॅक शेजारी-शेजारी मांडून त्यांवर सुटीच ठेवली होती आणि क्रेनने उचलून थेट ट्रेलरवर घ्यायची होती.

गोव्यातले मुरगाव बंदर दीडशे किलोमीटरच्या आसपास असताना पावणेपाचशे किलोमीटरवरून यंत्रे कशाला आणता, असे ओळखीच्या प्रत्येकाने विचारले. गोव्याहून येणारा चोर्ला घाटाचा रस्ता अरुंद आणि त्याची वळणे आखूड. अनमोड घाट त्या मानाने बरा. पण मोलेच्या अभयारण्यातून चढणारा तोही रस्ता वीस-बावीस मीटर लांबीच्या गाडीला एका दमात वळू देत नाही आणि पावसाळ्यात तेथे जड वाहनांवर निर्बंध येत राहतात. न्हावा-शेव्याहून निघाले म्हणून घाट चुकतात असे नाही. बोरघाट आहेच, आणि पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा आपल्या दिशेला नसल्यामुळे आमच्या गाड्या घाट चढूनच आल्या. मात्र हे घाट रुंद आहेत आणि चढावर एक पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारा ताकदवान ट्रक, ओढायला, दुसरा मागून रेटायला, अशी जोडी लावता येते. फ्रेमसाठी खंबाटकीत तशी जोडी लावलीच होती.

भाव घेताना आम्ही सगळे वजनाविषयी बोलत होतो. चार कंपन्यांना विचारले, चौघांनीही पहिल्यांदा टन विचारले. आता माझे मत असे झाले आहे की पहिला प्रश्न उंचीचा असावा. वजन वाढले तर ट्रेलरला ॲक्सल वाढवता येतात. उंची वाढली तर रस्त्यावरचे पूल, तारा आणि वडाच्या फांद्या काही वर सरकत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावरच्या नव्या उड्डाणपुलांखाली साडेपाच मीटर मोकळी जागा ठेवण्याचा मानदंड आहे, त्यामुळे मुख्य रस्त्यावर सहसा अडत नाही. अडते ते सर्व्हिस रोडला, वळणरस्त्यांवर आणि गावात शिरताना. लो-बेड ट्रेलरचा पाटा जमिनीपासून मीटरभर किंवा त्याहून थोडा कमी उंचीवर असतो, हायड्रॉलिक ॲक्सलच्या ट्रेलरचा साधारण १.२ मीटरवर, आणि तो सुमारे ३०० मिलिमीटर खाली किंवा वर घेता येतो. यंत्राच्या उंचीत हा आकडा मिळवला की खरी उंची निघते. हे गणित तिसरीतल्या पोराचे आहे, तरी आमच्या दुसऱ्या फेरीत ते चुकलेच.

पहिली फेरी चुकली ती कागदावर. मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत असावी लागते. आमचा कॉलम ३.४ मीटर रुंद, म्हणजे माल ओव्हर डायमेन्शनल ठरला. अशा मालाच्या ई-वे बिलाची, म्हणजे जीएसटीसाठी मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन वाहतूक-पत्राची, मुदत दर २० किलोमीटरला एक दिवस धरली जाते, साध्या मालाची दर २०० किलोमीटरला एक दिवस. कंपनीच्या कारकुनाने बिल भरताना वाहनाचा प्रकार साधा निवडला. त्यामुळे २४ दिवसांऐवजी ३ दिवसांची मुदत मिळाली आणि कराडच्या अलीकडे ती संपत आली. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्याच वेळात ती वाढवून घेता येते, हे आमच्या लेखापालाला ठाऊक होते म्हणून निभावले. रात्री साडेअकराला तो घरच्या संगणकापुढे बसून कराडच्या ढाब्यावर थांबलेल्या ड्रायव्हरशी फोनवर बोलत होता आणि मी त्याच्या शेजारी चहा घेऊन बसलो होतो. ही चूक कंपनीने मान्य केली आणि पुन्हा केली नाही, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

फ्रेमच्या वेळी मी स्वतः बंदरावर गेलो. ट्रेलर धक्क्यावर वेळेत हजर नसेल तर जहाजाची क्रेन कोणासाठी थांबत नाही. म्हणून ट्रेलर दोन दिवस आधीच आणून उभा केला होता. अवजड माल चढवून बांधणाऱ्या खलाश्यांच्या टोळीचा प्रमुख रत्नागिरीकडचा, साठीला आलेला, सगळे त्याला मामा म्हणत. फ्रेम पाट्यावर टेकण्याआधी त्याने आंब्याच्या लाकडाचे स्लीपर स्वतःच्या हाताने मांडले, दोन परत काढून टाकले आणि त्यांच्या जागी ओलसर नसलेले मागवले. चेन आणि त्या ताणणारे स्क्रू, म्हणजे टर्नबकल, आवळून झाल्यावर तो प्रत्येक चेनवर पान्याने टकटक करीत फिरला. सहाव्या चेनपाशी थांबला, पुन्हा एकदा वाजवली आणि म्हणाला, "साहेब, ही ढिली बोलते." टर्नबकलचे अडीच फेरे आवळल्यावर तिचाही आवाज इतरांसारखा खणखणीत आला. या सेवेला मी जे गुण देतो त्यांतले निम्मे या माणसाचे आहेत, आणि पुढच्या वेळी तोच असेल की नाही हे कंपनी लिहून देत नाही.

एवढे करूनही फ्रेम सीमेवर अडली. आडवी घातलेली फ्रेम कॅटलॉगप्रमाणे ३.३ मीटर उंच, पाट्यासह साडेचार. महामार्गाच्या परवानगीसाठी ऑनलाइन अर्जात हेच माप भरले होते. पण जुन्या मालकाने केव्हातरी सिलिंडरसाठी एक जाडजूड ब्रॅकेट वेल्ड करून घेतला होता आणि तो आता नेमका वरच्या बाजूला आला होता. त्याची उंची ४० सेंटिमीटर. बंदरावर तो मीही पाहिला, मामानेही पाहिला, आणि दोघांच्याही डोक्यात कागदावरचे माप आले नाही. कोगनोळीच्या तपासणीत टेप लावल्यावर ४.९ मीटर भरले. अधिकाऱ्यांचे म्हणणे बरोबरच होते: परवानगी एका मापाची आणि गाडीवर माल दुसऱ्या मापाचा. नवी परवानगी काढावी की ब्रॅकेट उडवावा, यात एक दिवस गेला. शेवटी मच्छेहून आमचा फिटर गॅसकटर घेऊन आला आणि दुसरा दिवस कापण्यात गेला. त्या दोन दिवसांत पोलीस कन्नडमध्ये, पुलरचा ड्रायव्हर हिंदीत आणि फिटर मराठीत बोलत होता आणि मी मध्ये उभा राहून तिन्हींचा दुभाषा झालो होतो. सीमाभागात राहण्याचा हा एक फायदा म्हणायचा.

दोष कोणाचा? माझ्या मते कंपनीचा, कारण परवानगीसाठीचे माप प्रत्यक्ष मालावरून घेण्याची जबाबदारी करारात तिची होती. कंपनी म्हणते, यंत्राचे ड्रॉइंग ग्राहकाने दिले. दोन दिवसांच्या हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबून राहिल्याच्या आकाराचे, बिल त्यांनी लावले आहे आणि मी ते अडवून धरले आहे.

वेळ निवडण्याबाबत आपल्या भागातल्या माणसाला जे कळते ते मुंबईच्या कार्यालयात बसलेल्याला कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हा धोका पत्करूच नये. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर येऊन रस्ता बंद झाला होता आणि निपाणीजवळ यमगर्णीच्या वेदगंगेच्या पुलाचीही तीच गत झाली होती. अशा वेळी ६२ टनांचे ओझे घेऊन रस्त्याच्या कडेला किती दिवस थांबणार? पाऊस ओसरतो तोच ऊस सुरू होतो. संकेश्वर-निपाणी पट्ट्यात रात्री दिवे नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पाहिले म्हणजे ट्रेलरच्या पुढे वाट मोकळी करीत जाणाऱ्या पायलट गाडीचे मोल कळते. डिसेंबरात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरले की पोलीस बंदोबस्त तिकडे गुंततो आणि सीमाप्रश्नाचे वातावरण तापले तर दुसऱ्या राज्याच्या नंबरप्लेटच्या गाडीला कोणी दगड मारेल याचाही विचार करावा लागतो. आम्ही फ्रेम जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आणली ती याच हिशेबाने.

शेवटचा टप्पा सगळ्यांत छोटा आणि सगळ्यांत कटकटीचा. मच्छे खानापूर रस्त्यावर, म्हणजे महामार्ग सोडून शहरातून जावे लागते. पहाटे एक ते चार एवढीच वेळ ठरली होती. वीज कंपनी हेस्कॉमचे लाइनमन शिडी घेऊन पुढे होते. विजेच्या तारांची व्यवस्था आधी ठरली होती, ती सुरळीत झाली. खरा त्रास झाला तो केबल आणि इंटरनेटच्या कोणाच्याच नावावर नसलेल्या वायरींचा. त्या लाकडी काठीने उचलत उचलत उद्यमबाग गाठले. पिरनवाडीच्या अलीकडे एक वायर काठीलाही उचलेना, तेव्हा ड्रायव्हरने हायड्रॉलिक पूर्ण खाली सोडले. वेसण धरलेला बैल गुडघे टेकतो तसा तो अजस्र ट्रेलर सगळ्या चाकांवर खाली बसला, वायरीखालून सरकला आणि पलीकडे जाऊन पुन्हा उभा राहिला. याच ठिकाणी पाटा खाली न येणारा ट्रेलर असता तर पहाटेचे चार कधीच वाजून गेले असते. हायड्रॉलिक ट्रेलरच्या भाड्यातला फरक त्या दहा मिनिटांत वसूल झाला असे मी मानतो.

यंत्रांची आजची स्थिती सांगितल्याशिवाय वाहतुकीचे मूल्यमापन पुरे होत नाही. बोरिंग मशीन सहा महिने दोन पाळ्यांत चालते आहे. ग्राउटिंगनंतर, म्हणजे पाया ओतून यंत्र पक्के बसवल्यावर, कॉलमची उभी सरळता तपासली तेव्हा ती निर्मात्याच्या मर्यादेत होती आणि एप्रिलमध्ये पुन्हा तपासली तेव्हाही तशीच. गाइडवेवर, म्हणजे सरकत्या भागाच्या घासलेल्या पट्टीवर, एके ठिकाणी तळहाताएवढा गंज मात्र निघाला. ताडपत्री घट्ट बांधल्याने आत खाऱ्या हवेचा घाम साचला होता. बंदरावरच ग्रीस लावून ताडपत्रीला वारा खेळेल अशी फट ठेवली असती तर तो टळला असता. पुढच्या दोन्ही यंत्रांच्या वेळी आम्ही स्वतःचा माणूस ग्रीसचा डबा घेऊन पाठवला. प्रेसच्या फ्रेमला एक ओरखडाही नाही, तो कापलेला ब्रॅकेट सोडून. तो आजही शॉपच्या दाराशी पडून आहे आणि नवीन पोरे त्यावर बसून डबा खातात.

चौथे यंत्र येत्या हिवाळ्यात आणायचे आहे आणि याच कंपनीकडून भाव मागवला आहे. या वेळी करारात तीन ओळी घालायला सांगितल्या आहेत: परवानगीचा अर्ज बंदरात प्रत्यक्ष टेप लावूनच भरावा, मापाची नोंद दोन्ही बाजूंनी सही करून घ्यावी, आणि आमच्या चुकीने जो दिवस जाणार नाही त्याचे हॉल्टिंग आम्हाला लावू नये. पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या आहेत. तिसरीवर अजून उत्तर आलेले नाही, आणि जानेवारीचे ते दोन दिवसांचे बिल माझ्या टेबलाच्या खणात तसेच आहे.